गुप्तेबाईंच्या नावानं

आमच्या समोरच्या दारावर नावाच्या पाटीखाली आणखी एक छोटी पाटी होती. ‘भांडायला येणाऱ्यांनी चपला बाहेर काढाव्यात.’ मुलुंडच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामान चढवणाऱ्या माणसानं ती वाचली, कपाट खाली टेकवलं आणि मला विचारलं, “ताई, इधर कोई डेंजर पार्टी रहती है क्या?” मी म्हटलं, माहीत नाही रे बाबा. दुसऱ्या दिवशी माहीत झालं.

दुपारी भिंतीत ड्रिल चालू होतं आणि बेल वाजली. दारात साठीच्या पुढची, कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसलेली, चणीनं लहानशी बाई. “तुमच्या ड्रिलचा आवाज मला अजिबात सहन होत नाहीये,” त्या म्हणाल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. “तक्रार नाही करत. माहिती देते आहे. पाचनंतर चालू ठेवलंत तर तक्रार.” मी “बरं काकू” म्हटलं. “मी तुझ्या काकाशी लग्न केलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “बाई म्हण.” पंधरा वर्षं मी बाईच म्हणत आले.

नलिनी गुप्ते वकील होत्या. मोठ्या कोर्टातल्या नव्हेत; भाडेकरूंची भांडणं, चेक परत आल्याच्या केसेस, नवराबायकोची कटकट. अशील घरीच यायचे. आल्या आल्या त्यांच्यासमोर भिजवून मोड आणलेल्या वालांची परात यायची. बाई पक्क्या सीकेपी, आठवड्यातून दोनदा वालाचं बिरडं लागायचंच, आणि सोलायचा कंटाळा. म्हणून अशिलानं सोलत सोलत हकिगत सांगायची. “हात कामात असला की माणूस कमी खोटं बोलतो,” असं त्यांचं म्हणणं. माझा अंदाज असा की त्यांना फुकटात सोलून हवे असायचे. एक बडा बिल्डरसुद्धा अंगठ्या काढून खिशात टाकून वाल सोलताना मी डोळ्यांनी पाहिलाय.

बाईंच्या तोंडून कधी वावगा शब्द गेला नाही. “मूर्ख” हा त्यांचा शेवटचा टप्पा, आणि तोही त्या जपून वापरायच्या. जिन्यात कोणी फोनवर शिवी दिली तर त्यांच्या कपाळावर आठी उमटायची ती घरात जाऊन चहा होईपर्यंत जायची नाही. आणि तरीही शिवी देणाऱ्याला कोणी कायद्यानं गप्प करायला निघालं की बाई पदर खोचायच्या. हा काय प्रकार आहे ते मला कळायला बरीच वर्षं लागली.

एकदा मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “अगं, मला राग येणं हा माझा खाजगी कार्यक्रम आहे. माझ्या कानात बोट घालायचं की नाही ते मी ठरवीन. सरकारचं बोट माझ्या कानात नकोय मला.”

मग आमचे सेक्रेटरी पाटणकर यांचं प्रकरण झालं. पाटणकर निवृत्त अधिकारी, आणि निवृत्तीनंतर हुकूम सोडायला माणसं उरली नाहीत म्हणून सेक्रेटरी झालेले. पाणी दोन दिवस आलं नाही तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकांनी त्यांना जे काही म्हटलं, ते त्यांना फार लागलं. त्यांनी वार्षिक सभेत ठराव आणला. ग्रुपवर आक्षेपार्ह शब्द वापरणाऱ्याला दंड.

बाई उठल्या. “आक्षेपार्ह म्हणजे कोणते?”

“ते सगळ्यांना माहीत आहे, मॅडम.”

“मला नाही. दंड भरायचा तर आधी कळायला हवं ना. सांगा, कोणते कोणते शब्द?”

पाटणकर तयारीनं आले होते. त्यांनी खिशातून कागद काढून पहिला शब्द हळूच वाचला. “ऐकू येत नाही,” बाई म्हणाल्या. “मागे ज्येष्ठ नागरिक बसलेत.” पाटणकरांनी आवाज चढवला. चौथ्या शब्दाला पाटणकरवहिनी उठून बाहेर गेल्या. सहाव्याला मागच्या रांगेतून टाळी पडली. बाई गंभीर चेहऱ्यानं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “ठराव मंजूर झाला तर पहिला दंड सेक्रेटरींना. त्यांनी इतके शब्द एका दमात वापरलेत जेवढे आम्ही वर्षभरात वापरले नाहीत.” ठराव बारगळला, आणि पाटणकर दोन महिने लिफ्टमध्ये बाई असल्या की जिन्यानं जायचे.

पण बाई सगळंच खपवून घेणाऱ्या होत्या असं समजू नका. पुढे त्याच ग्रुपवर कोणीतरी एक निरोप ढकलला होता. कोपऱ्यावरच्या एका दुकानदाराला धडा शिकवायचाय, संध्याकाळी सातला गेटपाशी जमा. दहा मिनिटांत बाई पोलीस ठाण्यात. मी म्हटलं, “बाई, तुम्ही? तुम्हाला तर सगळंच बोलू द्यायचं असतं.” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “शिवी ऐकून मी घरात बसते. पत्ता आणि वेळ दिली की ती शिवी राहत नाही, ते बोलावणं होतं.” त्या संध्याकाळी सातला गेटपाशी फक्त दोन हवालदार जमले होते.

आता तात्या घाडींकडे यायला हवं, कारण त्यांच्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत.

आमच्या टॉवरच्या जागी पूर्वी चाळ होती. चाळीतली कोकणातली कुटुंबं आता आमच्या बी विंगमध्ये राहतात, आणि त्यांनी सोबत आणलेली एकमेव गोष्ट जी बिल्डरला मोडता आली नाही ती म्हणजे शिमगा. होळी पेटली की तिच्याभोवती उभं राहून एकेकाच्या नावानं बोंब. एक जण पुढे होऊन नाव घेऊन दोन ओळी जुळवतो आणि मग सगळे उलटा हात तोंडावर आपटत बों बों बों. वर्षभर ज्यानं ज्यानं वैताग दिला त्याचा हिशेब त्या एका संध्याकाळी चुकता. आणि यात कोणी रागवायचं नसतं. उलट ज्याचं नाव घेतलं नाही त्याला वाटतं, आपण काय मेलोय का?

हे पुढे होऊन ओळी जुळवणं तात्यांचं काम. तात्यांचे वडील गिरणीत होते. तात्या स्वतः एका कारखान्यात फिटर होऊन निवृत्त झालेले. एरवी मवाळ माणूस, पण होळीपुढे उभे राहिले की कुणाचं ऐकायचे नाहीत.

आमच्या पहिल्याच होळीला त्यांनी गॅलरीकडे बघून आरोळी दिली, “गुप्तेबाई वकील झाल्या, वाल सोलून केस जिंकल्या!” बोंब झाली. बाई गॅलरीत कठड्याला धरून उभ्या होत्या. शांतता झाल्यावर त्यांनी वरून निकाल दिला. “दहापैकी तीन. यमक ठीक आहे, पण यात शिवी कुठाय? ही तर माझी जाहिरात झाली!” खाली हशा. त्यानंतर दर वर्षी तात्या बोंब मारायचे आणि बाई गुण द्यायच्या. सातच्या वर त्या कधी गेल्या नाहीत. आवाज मात्र दहानंतर एक मिनिटही चालू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, “किती वाजेपर्यंत ओरडायचं ते सरकारनं सांगावं. काय ओरडायचं ते सांगायला लागलं की मी खाली उतरीन.”

एका वर्षी मात्र तात्यांचं चुकलं. बाईंचा धाकटा भाऊ विनायक त्यांच्याकडेच असायचा. त्याचं मन लहान मुलाचं राहिलेलं होतं. दिवसभर गॅलरीत उभा राहून तो येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना टाटा करायचा. तात्यांना त्या दिवशी यमक सुचलं आणि जिभेला हाड राहिलं नाही. “बहीण भांडते कोर्टात, येडा उभा गॅलरीत!” बोंब अर्धीच उठली आणि विझली. विनायक वरून आनंदानं हात हलवत होता. बाईंनी त्याला दंडाला धरून आत नेलं आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. त्या वर्षी गुण नाहीत. पुढच्याच पावसाळ्यात विनायक गेला. तात्या भेटायला आले नाहीत, लाजेनं आले नसावेत. पण नाही आले ते नाहीच आले. मला त्यांचा फार संताप आला होता आणि मी तो बाईंपाशी बोललेही.

आणि मग आलं बाळाभाऊंचं वर्ष.

बाळाभाऊ म्हणजे आमच्या भागातले माजी नगरसेवक. पुन्हा उभं राहायच्या तयारीत असलेले, त्यामुळे प्रत्येक विजेच्या खांबावरून हसणारे. आमच्या गेटसमोरचा रस्ता त्यांनी मोठ्या थाटात नारळ फोडून खणायला लावला होता आणि तो वर्षभर तसाच पडला होता. तात्यांनी ठरवलं, यंदा भाऊंच्या नावाची बोंब. इथवर ठीक होतं. पण तात्या रीतीचे पक्के. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव घ्यायचं तर बोलावणं नको? ते नारळ घेऊन भाऊंच्या ऑफिसात गेले. “साहेब, यंदा शिमग्याक तुमचा नाव आसा. येवाच.” भाऊंचं बालपण कोकणात गेलेलं नव्हतं. त्यांना वाटलं सत्कार आहे.

भाऊ आले. कडक कुर्ता, मागे पाच-सहा कार्यकर्ते, एकाच्या हातात हार, कारण भाऊ स्वतःचा हार स्वतःच आणत. पाटणकरांनी धावत खुर्ची आणली. भाऊ होळीसमोर पहिल्या रांगेत बसले आणि तात्यांनी सुरुवात केली.

“बाळाभाऊ, बाळाभाऊ, रस्ता खणलात, भात लावू!” बों बों बों.

“पोस्टरवरती हसताय छान, खड्ड्यात गेला वॉर्डाचा मान!” बों बों बों.

तिसऱ्या ओळीत भाऊंच्या पाठीमागच्या भागाचा आणि रोडरोलरचा उल्लेख होता. ती मी लिहीत नाही. अख्खी बिल्डिंग हसत होती. भाऊंचं हसू खांबावरच्या फोटोत असतं तसंच चेहऱ्यावर राहून गेलं होतं, फक्त कान लाल झाले होते. मग ते उठले आणि चालू लागले. तात्या मागून ओरडत होते, “साहेब, पुरणपोळी खाऊन जावा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुळवडीलाच, हवालदार आला. होळीच्या आधी दर वर्षी पोलिसांचा मनाई आदेश निघतो. सार्वजनिक ठिकाणी असभ्य शब्द, घोषणा, गाणी नकोत, कोणाच्या प्रतिष्ठेला धक्का नको. भाऊंच्या कार्यकर्त्यानं त्यावर बोट ठेवून तक्रार दिली होती. तात्यांना ठाण्यावर बोलावलं होतं.

एरवी तात्या हसत गेले असते. पण त्यांची एकुलती एक मुलगी मस्कतला, नवरा जहाजावर, आणि पहिल्याच बाळंतपणाला सहा आठवडे उरलेले. आई नाही, म्हणून बापच जाणार होता. तात्यांनी जन्मात पहिल्यांदा पासपोर्टचा अर्ज केला होता आणि त्याची पोलीस पडताळणी त्याच ठाण्यात पडून होती. गुन्हा नोंदला गेला तर पासपोर्ट लटकला.

तात्या बाईंच्या दारात आले तेव्हा मी दूध घ्यायला बाहेर आले होते. तोंडाला जांभळा रंग, हातात टोपी. विनायक गेल्यापासून ते या मजल्यावर पाऊल टाकत नव्हते. भांडायला आले नव्हते तरी त्यांनी चपला काढल्या. बाईंनी दार उघडलं आणि त्यांच्या अनवाणी पायांकडे बघितलं.

“या आत,” त्या म्हणाल्या.

सवयीनं वालांची परात पुढे आली. तात्या सांगायला लागले, “बाई, माझा चेडू थंय एकटा आसा. पासपोर्ट अडकलो तर मी काय करू?” त्यांना एक वाल सोलवेना. बाईंनी परात बाजूला घेतली आणि मला म्हणाल्या, “रिक्षा बोलाव. तू पण चल, माझा गुडघा आज काही ऐकत नाहीये.”

ठाण्यात सब-इन्स्पेक्टर तरुण आणि सभ्य होता. धुळवडीच्या दिवशी त्याच्यासमोर पन्नास भानगडी होत्या. समोर बाळाभाऊ आणि त्यांचा हार आणणारा कार्यकर्ता.

“मॅडम, साहेबांच्या भावना दुखावल्यात,” सब-इन्स्पेक्टर म्हणाला.

“कुठे दुखतंय?” बाईंनी भाऊंना विचारलं. डॉक्टर विचारतात तसं, अगदी काळजीनं.

“अहो, चारचौघांत अपमान झाला आमचा!”

“झालाच. मी गॅलरीतून ऐकला. तिसरी ओळ तर मला मुळीच आवडली नाही.” मग त्या सब-इन्स्पेक्टरकडे वळल्या. “साहेब, कोणी कोणावर धावून गेलं?”

“नाही.”

“दगड? खुर्ची उचलली?”

“तसं काही नाही. लोक हसले.”

“हसण्यानं सुव्यवस्था बिघडते का?” त्या थोडं पुढे वाकल्या. “हे बघा, घटनेच्या एकोणिसाव्या कलमात बोलायचं स्वातंत्र्य आहे आणि त्याच कलमात ते कशासाठी आवरता येतं तेही दिलंय. आठ कारणं आहेत, माझी पाठ आहेत. त्यात देशाची सुरक्षा आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आहे, सभ्यता आहे, बदनामी आहे, गुन्ह्याला चिथावणी आहे. माणसाला वाईट वाटणं हे नववं कारण तुमच्याकडे कुठून आलं?”

“पण मॅडम, सभ्यता आहे ना त्यात. ती तिसरी ओळ...”

“असभ्य आहे. पण अश्लील नाही. कुणाच्या मनात घाण विचार यावेत म्हणून ती म्हटलेली नाही, रस्ता व्हावा म्हणून म्हटली आहे. आणि उरली बदनामी. तर भाऊ, तुम्ही जरूर बदनामीची केस करा. मी तर आग्रह करीन.”

भाऊ चमकले. “म्हणजे?”

“म्हणजे प्रत्येक तारखेला या तिन्ही ओळी कोर्टात मोठ्यानं वाचल्या जातील. टायपिस्ट त्या टाइप करील. मग न्यायाधीश विचारतील, रस्ता खरंच खणला होता का? मग मी फोटो दाखवीन. मग इंजिनिअरला साक्षीला बोलवीन. पत्रकार बसलेले असतातच. निवडणूक लागेपर्यंत अख्ख्या मुंबईला पाठ होईल. आणखी एक, बोलावणं घेऊन आलेला नारळ तुम्ही स्वीकारलात ना? काय केलंत त्याचं?”

भाऊंच्या तोंडून निघून गेलं, “घरी दिला. चटणी केली.”

सब-इन्स्पेक्टरनं खाली बघत खोकला काढला. भाऊ आणि कार्यकर्ता बाहेर जाऊन बोलून आले. तक्रार मागे. माफीनामा नाही, हमी नाही, काही नाही. पडताळणीचं काम त्याच आठवड्यात उरकतो, असं सब-इन्स्पेक्टरनं स्वतःहून सांगितलं.

बाईंनी पर्स उचलली. आणि तेवढ्यात तात्या पुढे झाले, भाऊंसमोर हात जोडून वाकले आणि म्हणाले, “साहेब, परत नाय हां. जन्मात नाय. तुमचा काय, कोणाचाच नाव नाय घेणार.”

त्यांना कोणी हे विचारलं नव्हतं. भाऊंनी मोठ्या मनानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी बाईंकडे बघितलं. पंधरा वर्षांत त्यांचा इतका उतरलेला चेहरा मी एकदाच पाहिला होता, विनायकला आत नेलं तेव्हा.

परत रिक्षानं निघालो. टोलनाका मागे पडल्यावर तात्या हळूच म्हणाले, “बाई, तां तुमच्या भावाचा मी त्या वर्षी बोललंय... तां वाईट झाला.”

“वाईटच झालं,” बाई बाहेर बघत म्हणाल्या. “अजून आठवतं. त्याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही, तात्या, खोटं कशाला बोलू? पण त्यासाठी मी पोलिसात गेले नव्हते. आणि तुम्ही आज त्या माणसापुढे जीभ गहाण टाकून आलात.”

तात्या मस्कतला गेले. नातू झाला. दिवाळीला परत आले ते सुटकेसभर खजूर घेऊन, आणि सगळ्यात मोठा डबा बाईंच्या दारात ठेवून बेल न वाजवता पळाले.

पुढची होळी आली. रस्ता तसाच होता. पाटणकरांनी माइकवर जाहीर केलं, यंदा कोणाचंही नाव न घेता प्रदूषणाच्या नावानं बोंब मारावी. लोकांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी नारळ फोडला आणि बाजूला जाऊन उभे राहिले. मग प्रदूषणाच्या नावानं बोंब झाली. शाळेत हजेरी देतात तशी. एक-दोन जण मोबाइल बघायला लागले.

वरून गॅलरीचं दार आपटल्याचा आवाज आला. मी लिफ्टपाशी पोचले तर बाई खाली आल्या होत्या, काठी टेकत. जन्मात त्या होळीपाशी आल्या नव्हत्या. त्या थेट तात्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“काय झालं?”

“कशाक परत भानगड, बाई.”

बाईंनी काठी माझ्या हातात दिली. पदर सारखा केला. आणि त्या बारीक, कोर्टात कधी चढला नसेल अशा आवाजात ओरडल्या, “तात्या घाडी मस्कतला गेले, जीभ तिकडेच ठेवून आले!” आणि हात तोंडावर आपटला. उलटा नव्हे, सरळच. नुसती हवा आली. कोणी साथ दिली नाही.

“बाई, उगाच बोलताय हां,” तात्या म्हणाले. त्यांच्या मानेची शीर फुगली होती.

“मग द्या उत्तर.”

“नाय देणार.”

बाईंनी एकदा श्वास घेतला. “भाऊंनी डोळे वटारले, आणि घाडी धोतरात मुतले!”

पाटणकरवहिनींच्या हातातलं ताट खाली पडलं. गुप्तेबाईंच्या तोंडून हा शब्द! मला स्वतःला कानांवर हात ठेवावेसे वाटले. आणि तात्यांचं डोकं खरंच फिरलं. “मी धोतर नेसत नाय!” ते गरजले, आणि होळीसमोर उडी घेतली.

“गुप्तेबाई कायदेवाल्या, म्हातारपणी मवाली झाल्या!”

बों बों बों. सगळी बी विंग उठली. पाटणकरांच्या नावानं झाली, पाण्याच्या टाकीच्या नावानं झाली, माझ्या कारल्याच्या भाजीच्या नावानंसुद्धा झाली. पुन्हा बाईंच्या नावानं झाली, आधीपेक्षा वाईट. त्या मधोमध उभ्या होत्या, कपाळाला आठी, गाल लाल, राग आलेला अगदी स्पष्ट दिसत होता.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बाई झोपेतच गेल्या. त्या होळीनंतरही, त्या जाईपर्यंत, पुष्कळदा त्यांना पाहिलं असणार, जिन्यात, दारात. पण आठवायला गेलं की मला ही संध्याकाळच दिसते. तात्या दम घ्यायला थांबले. त्यांनी गेटकडे बघितलं, पलीकडच्या खांबावर भाऊ हसत होते. तात्यांनी कपाळाचा घाम पुसला, एकदा बाईंकडे बघितलं, आणि उलटा हात हळूहळू तोंडापाशी नेला. “बाळाभाऊ, बाळाभाऊ...”

मी बाईंच्या कानाशी म्हटलं, “चला वर, उगाच गुडघा दुखेल.”

“गप्प बस गं,” बाई म्हणाल्या. “ऐकू दे मला.”